माझ्या पश्चात या घरात कोणी यावे व कोणी येऊ नये

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा लाकडाचे कातकाम, आज सकाळी न्याहारी आटोपून, चष्मा पुसून, राहत्या घराच्या पुढील खोलीत टेबलाशी ताठ बसून स्वतःच्या हाताने हे लिहून पुरे करीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. याची खात्री करण्यासाठी डॉक्टरांनी मला वार, महिना व सातचा पाढा विचारला. मी तो म्हटला आणि त्यांस सवड असल्यास एकोणतीसचाही म्हणतो असे सांगितले. सवड नव्हती. दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिण्यासाठी मजवर कोणी दडपण आणलेले नाही. हे लिहू नये म्हणून ज्यांनी आणले, त्यांचा उल्लेख योग्य त्या कलमात येईल.

माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत झाले आहे. वकिलांनी प्रथम आपला मसुदा दिला होता. त्यात एका पानावर सुरू झालेले वाक्य दुसऱ्या पानावर धापा टाकत पोहोचत असे. मी तो परत केला.

"मिस्त्री, कायद्याची भाषा अशीच असते," वकील म्हणाले.

"असेल. पण ती माझ्या तोंडी घालू नका. मी मेल्यावर मला दुरुस्त करता येणार नाही."

तेव्हा पुढील मजकूर माझा आहे. वकिलांनी तो कायद्याच्या दृष्टीने तपासला आहे व नाइलाजाने बरा म्हटला आहे.

कलम १. नावांविषयी.

या मृत्युपत्रात कोणाचेही नाव लिहिलेले नाही. सर्वांची नावे, नाती व पत्ते मोहोरबंद जोडपत्रात आहेत. मृत्युपत्र चारचौघांत मोठ्याने वाचले जाते, आणि आपले नाव या प्रकरणासोबत मोठ्याने वाचले जाऊ नये अशी माझ्या नातीची इच्छा आहे. एकाचे झाकून बाकीच्यांची उघडी ठेवणे मला योग्य वाटले नाही, म्हणून मी माझेही झाकले.

कलम २. वारसांविषयी.

माझी पत्नी मागेच वारली. मला दोन अपत्ये. थोरला मुलगा, कचेरीत कारकून. धाकटी मुलगी, विधवा. मुलीस एक मुलगी. तीच माझी नात, आज बावीस वर्षांची. याखेरीज माझी थोरली बहीण हयात आहे, तिला सर्वजण आक्का म्हणतात. आक्का वारस नाही. परंतु ती स्वतःस न्यायाधीश समजते, म्हणून नोंद केली.

कलम ३. मिळकतीविषयी.

राहते घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. वडिलांकडून मला एक रंधा व दम्याची खोड याखेरीज काही मिळाले नाही. जागा मी घेतली, पाया मी समोर उभा राहून भरून घेतला, आणि दारे, खिडक्या, चौकटी, जिन्याचा कठडा हे सर्व माझ्या हातचे आहे. कठड्याचे गज मी रविवारी कातले, कारण इतर दिवस गिऱ्हाइकांचे होते. खाली पुढील खोली, स्वयंपाकघर व मुलीची खोली. वर दोन खोल्या. जिन्यालगतची नातीची होती. मागची मुलाची, तीस घरात 'अभ्यासाची खोली' म्हणत.

घराशिवाय गल्लीच्या टोकाचा कारखाना, त्यातील लाकूड फिरवून कातण्याचे दोन लेथ, हत्यारे, व पोस्टातील ठेव.

स्वकष्टार्जित असल्यामुळे ही मिळकत कोणास द्यावी व कोणास देऊ नये हे ठरवण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. हे वाक्य मी वकिलांकडून तीनदा वाचून घेतले.

कलम ४. मुलाविषयी.

माझ्या मुलास मी काहीही देत नाही. हे विस्मरणाने झालेले नाही. तो मला रोज आठवतो.

कारण असे. जावई वारल्यावर मुलगी व नात या घरी राहावयास आल्या. नात तेव्हा सात वर्षांची होती. ती आठ वर्षांची झाल्यापासून अकरावे पूर्ण होईपर्यंत माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या सख्ख्या मामाने, गणित शिकवण्याच्या निमित्ताने तिला मागच्या खोलीत नेऊन तिचे लैंगिक शोषण केले. 'लैंगिक शोषण' हे शब्द मला नात जिच्याकडे जाते त्या समुपदेशक बाईंनी दिले. त्यापूर्वी मजकडे या गोष्टीसाठी जे शब्द होते ते सर्व शिव्या होत्या किंवा गुळगुळीत होते. याहून अधिक तपशील लिहिण्याचा अधिकार मला नाही. तो तिचा आहे.

तक्रार नोंदवली गेली. पहिल्या जबाबात नात बोलली. दुसऱ्या वेळी, अनोळखी माणसांसमोर, तिला बोलता आले नाही. ती समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. प्रकरण बंद झाले. मुलगा तेव्हापासून सुटका झाल्याप्रमाणे वागतो. वस्तुतः त्याला कोणी निर्दोष म्हटलेले नाही.

मी त्याला माझ्यापुरते एकदाच विचारले. कारखान्यात, दिवसाढवळ्या, लेथ बंद करून.

"पोरीला तू काही केलंस काय?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?" तो म्हणाला.

ज्याने काही केलेले नसते तो आधी "म्हणजे काय?" असे विचारतो. नंतर तो बरेच बोलला. ती लहानपणापासून खोटारडी आहे, तिचे डोके फिरले आहे, बाप नसल्याचा परिणाम आहे, तुम्ही म्हातारपणी पोरीच्या नादी लागलात. मी पहिल्या वाक्यानंतर ऐकणे थांबवले होते.

तो आता दुसऱ्या वस्तीत भाड्याने राहतो. त्याच्या घरमालकास दोन लहान मुले आहेत. मी स्वतः जाऊन घरमालकास भेटून आलो. आक्का म्हणते की सख्ख्या बापाने असा घात करू नये. घरमालकाने मुलांना आजोळी पाठवले आणि मुलाला खोली रिकामी करण्यास सांगितले आहे. नवा पत्ता कळला की मी तेथेही जाईन. मजकडून न झाल्यास व्यवस्थापकांनी जावे. कलम ११ पाहावे.

कलम ५. नातीच्या स्वभावाविषयी साक्ष.

माझा मुलगा या मृत्युपत्राविरुद्ध दावा लावील. त्यात तो नातीचा स्वभाव पुढे करील, आणि सांगण्यासारखे त्याच्याकडे पुष्कळ आहे. मी एका छपराखाली राहून पाहिलेले असल्याने, तो काय सांगेल व त्याचा अर्थ काय, हे आधीच लिहून ठेवतो.

ती आठव्या वर्षी पुन्हा अंथरूण ओले करू लागली. घरात यास आळस म्हटले गेले. भर उन्हाळ्यात लोकरी स्वेटर घालून बसे. यास हट्ट म्हटले गेले. न्हाणीघरात शिरली की टाकीतले पाणी संपेपर्यंत बाहेर येत नसे, मुलगी दार ठोठावून ओरडे, "अगं, सोलून निघशील!" गणितात ती वर्गात पहिली असे, त्याच गणितात नापास झाली, आणि तेव्हा आम्ही मामास आणखी थोडा वेळ शिकवण्याची विनंती केली. हे वाक्य लिहून मी उठलो होतो. पाणी पिऊन परत बसलो.

दहाव्या वर्षी तिने कात्रीने स्वतःचे केस कापले, वेडेवाकडे. आक्का म्हणाली, "पोरीची लक्षणं काही ठीक दिसत नाहीत हो." तेवढे तिचे बरोबर होते. कोणी मायेने डोक्यावर हात ठेवला तरी ती तो झटकून टाके. यास उर्मटपणा म्हटले गेले. शाळेतून सुटल्यावर कोठे होतीस असे विचारले तर रोज निराळे उत्तर देई. वाचनालयात, मैत्रिणीकडे, पेनाची शाई आणायला. ही उत्तरे खोटी होती हे मी मान्य करतो. ती त्या वेळी बसथांब्याच्या बाकावर बसलेली असे. घरी तिची आई आलेली असेल अशी वेळ होईपर्यंत ती तेथे बसे. खोटारडेपणाची हकीकत एवढीच आहे.

पुढे, मोठेपणी, मामाचे ते सर्व थांबलेले असतानाही हे वागणे थांबले नाही. उलट वाढले. तीन-तीन दिवस जेवत नसे, मग एकदम चोरून खाई. स्वतःला इजा करून घेई. भर दुपारी, कोणी काही बोललेले नसताना, बोलणे थांबवून समोर पाहत राही. हाक मारली तर ऐकू येत नसे. मला वाटे, मनावर घेतले तर माणूस काहीही विसरू शकतो. हे मी समुपदेशक बाईंना सांगितलेही, जरा आवाज चढवून.

त्या म्हणाल्या, "आजोबा, विसरायचं काम तिला सांगू नका. तिच्या डोक्याच्या लक्षात आहेच, पण अंगाच्याही लक्षात आहे. अंगाला कसं सांगणार विसर म्हणून?"

बाई माझ्या मुलीपेक्षा वयाने लहान आहेत. तरी मी हे मान्य केले.

नातीने त्यांना पुन्हा पुन्हा विचारलेला प्रश्न एकच होता: मी ओरडले का नाही? बाईंनी तिला त्याचे उत्तर पुन्हा पुन्हा दिले, न कंटाळता: लहान मूल भीतीने गोठते, गोठणे म्हणजे संमती नव्हे, ज्याच्यावर भरवसा ठेवायला घराने शिकवले, त्याच्यापासून पळून ते जाणार कोठे? मी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. तेच उत्तर मी येथे न्यायालयासाठी नोंदवतो.

कलम ६. कारखान्याविषयी व तेथे घडलेल्या प्रसंगाविषयी.

लेथवर काम चालू असताना माणसाला मागून हात लावायचा नाही, मागून हाकही मारायची नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे. लाकूड फिरत असते, पटाशी, म्हणजे कातण्याची छिन्नी, हातात असते. माणूस दचकला की पटाशी लाकडात अडकते आणि उलटून येते. म्हणून येणाऱ्याने वळसा घालून समोर यायचे, कातणाऱ्याच्या नजरेत पडायचे, त्याने मान हलवली की बोलायचे. मालक असो की गिऱ्हाईक, सर्वांना हाच नियम.

नात तेराव्या वर्षापासून कारखान्यात येऊन बसू लागली. मला वाटले तिला लाकडाची आवड आहे. लाकडाची तिला फारशी आवड नव्हती, हे तिने मला गेल्या वर्षी सांगितले. तेथे कोणी मागून येत नसे, म्हणून ती येत होती. माझ्याकडे कामाला असलेला पॉलिशवाला तिला 'मुकादम' म्हणे.

"काय मुकादम, आज हजेरी घेणार का आमची?"

"तुमची घेऊन काय उपयोग, तुम्ही कामावर असलात तरी गैरहजरच."

घरात तोंडातून शब्द न काढणारी मुलगी तेथे असे बोले. मी तिला घासकाम शिकवले, मग हलके कातकाम.

ती सोळा वर्षांची असताना एके सकाळी माझा मुलगा कसल्याशा सहीसाठी कारखान्यात आला. त्याने वळसा घातला नाही. सरळ तिच्या पाठीमागे जाऊन त्याने तिला एका लाडक्या नावाने हाक मारली. ते नाव तो एकटाच वापरत असे. मी ते येथे लिहीत नाही, व माझ्या पश्चात त्या नावाने तीस कोणी हाक मारू नये.

ती दचकली नाही. दचकली असती तर मला कळले असते. ती जागच्या जागी थांबली, हात तसेच, लाकूड फिरत. पटाशी अडकली, उलटली आणि तिच्या डाव्या हाताची दोन बोटे फाटली. पॉलिशवाल्याने धावत जाऊन बटण बंद केले. रक्त लाकडाच्या भुशावर पडत होते आणि ती त्याकडे दुसऱ्या कोणाचे असल्याप्रमाणे पाहत होती. ओरडणे नाही, रडणे नाही. मी पन्नास वर्षे लोकांची बोटे कापलेली पाहिली आहेत. असे कोणी पाहत नाही. मुलगा तोपर्यंत निघून गेला होता.

दवाखान्यात टाके घालताना मी तिला विचारले, "दुखत नाही का गं?"

"दुखत असेल," ती म्हणाली. "मला तिथं नसायची सवय आहे, आजोबा."

टाके घालणाऱ्या परिचारिकेने हात थांबवला, माझ्याकडे पाहिले आणि मला बाहेर बसायला सांगितले. मी बाहेर बसलो. जे सांगायचे ते नातीने प्रथम त्या परिचारिकेस सांगितले. परिचारिकेस माझी शिसवी काठी द्यावी. ती तिने एकदा चांगली म्हटली होती.

कलम ७. नातीच्या खोलीच्या दाराविषयी.

या घराची तपासणी करणाऱ्यास जिन्यालगतच्या खोलीला दार आढळणार नाही. चौकट आहे, बिजागऱ्यांची भोके आहेत, दार नाही. त्याचा खुलासा असा.

सर्व उघड झाल्यावर, मुलगा घराबाहेर पडल्यावर, मी मला जे येते ते केले. मी नातीच्या दारास आतून नवी कडी केली. जाड सागवानी अडसर, पितळी कोयंडा, आत बसून एका बोटाने लागेल, बाहेरून चार गडी लावले तरी उघडणार नाही. तसले काम आता या गावात कोणी करीत नाही. मी तीस बोलावून दाखवले. त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरालगतच्या बोळात झोपू लागली, पायांत बूट घालून.

माझा स्वभाव तापट आहे. मी म्हणालो, "इतकी मजबूत कडी केली, तरी तुझं समाधान नाही?"

"आजोबा," ती म्हणाली, "तिथंही कडी आतूनच लागायची."

मी त्याच दिवशी कडी उतरवली आणि दारही उतरवले. त्याची लाकडे कारखान्यात आहेत. कोणास हवी असल्यास न्यावीत. पुढे घरात मी कारखान्याचा नियम लागू केला: तिच्या मागून जायचे नाही, समोर यावे, तिने मान हलवल्यावर बोलावे. आक्का म्हणाली, "घर आहे का गिरणी?" मी तीस सांगितले की दोन्हीकडे माणसांना इजा होते.

कलम ८. आक्काविषयी.

आक्काने मला चार म्हणी ऐकवल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपलेच दात, आपलेच ओठ. घरचं धुणं चव्हाट्यावर धुऊ नये. चौथी ती सांगता सांगता विसरली. मी तीस म्हणालो, "आक्का, मूठ कुणाची झाकायची म्हणतेस? तिच्या हातात काही दिलेलं नव्हतं, होतं ते काढून घेतलं होतं."

"अरे, पण पोरीच्या लग्नाचं काय? कोण करील?"

"तुझं झालं होतं ना? काय सुख लागलं?"

याबद्दल आक्का अकरा महिने बोलली नाही. ते दिवस शांततेत गेले. तीस माझ्या आईचे शिवणयंत्र द्यावे, जे तिने पूर्वीच नेलेले आहे. आता ते कायद्यानेही तिचे होईल.

कलम ९. घराच्या विल्हेवाटीविषयी.

हे कलम मी दोनदा लिहिले. पहिल्या वेळी लिहिले होते की घर नातीस द्यावे व तिने त्यात जन्मभर सुखाने राहावे. मला ती उत्तम तजवीज वाटली. मुलगा कायमचा बाहेर, नात कायमची आत. मी तीस बोलावून वाचून दाखवले.

"मला इथं राहायचं नाही, आजोबा."

"का? तो पुन्हा पाऊल टाकू शकणार नाही, असा बंदोबस्त केलाय मी."

"तो नसला तरी जिना आहे. मागची खोली आहे. मी वर जाताना अजून श्वास धरते, तुम्हाला माहीत नाही."

मी म्हणालो की या घराची प्रत्येक चौकट माझ्या हातची आहे. ती म्हणाली, "म्हणून तर इतके दिवस बोलले नाही."

मी तिच्याशी आठवडाभर बोललो नाही. मला राग आला होता. मी आयुष्यभर जे उभे केले ते जिच्यासाठी राखायला निघालो, तीच ते नको म्हणत होती, आणि न मागता मला हेही कळले होते की तिचे बरोबर आहे. त्या आठवड्यात मी एकदा जिना चढून मागच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. खिडकीची चौकट सुबक आहे. काटकोन अजून शाबूत आहेत. मला तेथे फार वेळ थांबता आले नाही.

आठव्या दिवशी मी तिच्या समोर जाऊन उभा राहिलो. तिने मान हलवली. मी विचारले, "मग तुला काय हवंय?"

"शहराच्या त्या टोकाला, माझ्या कामाजवळ एक खोली. भाड्याची चालेल." ती रोपवाटिकेत काम करते. "आणि आईला इथून काढू नका."

त्याप्रमाणे लिहितो. घराची मालकी माझ्या नातीस. तिने ते विकावे, पाडावे, भाड्याने द्यावे किंवा कुलूप लावून टाकावे. या घराशी तिचे कसलेही कर्तव्य नाही. माझ्या कठड्याचे गज जपावेत अशी माझी अपेक्षा नाही. मात्र तिच्या आईस खालच्या मजल्यावर हयातभर राहण्याचा हक्क राहील. कारखान्याची जागा विकावी. त्या विक्रीच्या पैशातून व पोस्टाच्या ठेवीतून नातीच्या खोलीचे भाडे व समुपदेशक बाईंची फी ती सांगेल तोपर्यंत द्यावी. 'अजून किती दिवस?' असे तीस कोणी विचारू नये.

कलम १०. मुलीच्या हक्कास जोडलेल्या अटीविषयी.

मुलीचा हक्क एका अटीवर आहे. तिने आपल्या भावास या घरात एक क्षणही घेतले, तर हक्क संपुष्टात येईल.

माझी मुलगी वाईट नाही. तिच्या लहानपणी भावाने तीस पाठुंगळी घेऊन शाळेत नेले. वैधव्यात त्यानेच लेकीची फी भरली. नातीने सांगितले तेव्हा ती म्हणाली, "माझा दादा असं करूच शकत नाही," आणि पुढे वर्षभर ती लेकीशी कामापुरते बोलली. समुपदेशक बाई म्हणतात, त्या एका वर्षाची जखम वेगळी मोजावी लागते. पुढे मुलीने भावाचा फोन घेणे सोडले. परंतु ती त्याविषयी बोलत नसे, म्हणून माझा भरवसा नव्हता, आणि मी अट घातली.

काल दुपारी हा मजकूर मी दोघींसमोर वाचला. अट वाचून होईपर्यंत मुलगी मान खाली घालून होती. मला वाटले, दुखावली. मी म्हणालो, "तुला फार लागलं असेल, तर भाषा सौम्य करतो."

"नको, बाबा. अट काढू नका. अजून कडक करा." मग ती लेकीकडे न बघता म्हणाली, "तुम्ही नसाल तेव्हा तो दारात येईल. रडेल. लहानपणीचं काहीतरी काढेल. मी विरघळेन, मला माहितेय मी. तेव्हा मला म्हणता आलं पाहिजे की बाबांनी लिहून ठेवलंय, माझ्या हातात नाही."

नात म्हणाली, "माझ्यासाठी म्हण ना. आजोबांसाठी कशाला?"

मुलगी उठली, वळसा घालून लेकीच्या समोर गेली आणि उभी राहिली. नातीने लगेच मान हलवली नाही. मुलगी उभीच होती. मी कागद आवरून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो, कारण ते माझ्या मिळकतीपैकी नव्हते. आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. अट मुलीच्या विनंतीवरून पुढीलप्रमाणे कडक केली आहे: घरात, ओट्यावर किंवा दाराच्या फटीतूनही नाही.

कलम ११. हत्यारे व व्यवस्थापक.

दोन्ही लेथ व सर्व हत्यारे पॉलिशवाल्यास द्यावीत. त्यामुळे तो साक्षीदार होऊ शकत नाही असे वकिलांनी सांगितल्यावर तो खट्टू झाला. "मिस्त्री, हत्यारं राहू द्या, मला सही करू द्या." आपणास सही करता येते हे जगास दाखवावे अशी त्याची इच्छा होती. हत्यारे त्यासच द्यावीत. कारखान्यासमोरच्या फर्निचरवाल्याकडे लाकूड आवळायचा माझा मोठा शिकंजा आहे. तो म्हणेल आपला आहे, परंतु दांड्यावर माझी खूण आहे.

व्यवस्थापक म्हणून मी शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकांना नेमतो. त्यांना कोणी शब्दात पकडू शकत नाही. मुलगा जेथे जेथे राहावयास जाईल व जवळपास लहान मुले असतील, तेथे जाऊन त्या मुलांच्या आईबापांस सांगण्याचे माझे काम त्यांनी पुढे चालवावे. त्या "हो" म्हणाल्या आहेत.

कलम १२. माझ्या देहाविषयी.

माझ्या देहास मुलाने हात लावू नये. तो आल्यास त्यास रस्त्याच्या पलीकडे उभे राहू द्यावे. रस्ता माझ्या मालकीचा नाही.

नात आली तर आली, न आली तर न आली. आल्यास 'जवळ जा', 'हात लाव', 'शेवटचं तोंड बघ' असे तीस कोणीही म्हणू नये, कितीही मायेने असले तरी. कोणास हात लावावा व कोणाचा हात लावून घ्यावा हे ती ठरवील. मेलेला माणूस यास अपवाद नाही, व आजोबाही नाही.

यापूर्वी मी केलेले कोणतेही मृत्युपत्र असल्यास ते रद्द समजावे. हे शेवटचे. मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचले, मला ते पटले, आणि पुढील दोघांच्या देखत सही केली. त्या दोघांनी माझ्या व एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

ठिकाण: राहते घर, पुढील खोली, खिडकीलगतचे टेबल.
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, सकाळी.

(सही) मृत्युपत्र करणारा, लाकडाचे कातकाम करणारा

साक्षीदार पहिला: (सही) डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला
साक्षीदार दुसरा: (सही) कोपऱ्यावरचा चष्मेवाला

खाडाखोडीबाबत: दस्तऐवजात खाडाखोड असल्यास ती कोणी केली हे नोंदवावे लागते, म्हणून नोंदवतो. कलम २ मध्ये 'तीच' या शब्दापुढे मी "जिचे आयुष्य उद्ध्वस्त झाले ती" असे लिहिले होते. ते शब्द काल माझ्या नातीने माझ्याच लेखणीने, माझ्यासमोर, एका सरळ रेघेने खोडले. मी खाडाखोड सहसा चालवून घेत नाही. ही मला मान्य आहे, व तिच्या कडेस माझी आद्याक्षरे आहेत. त्या ठिकाणी आता फक्त 'माझी नात' एवढेच वाचावे.